केबलची तार आणि घरचा संगणक

भाद्रपदांतील मालवण ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस तेथील घरांचें त्या दिवसांतलें रूप निराळें सांगावयास नको. कौलांवरून पागोळ्या गळत असतात, खळ्यांतील तुळशीवृंदावनावर शेवाळ धरलेलें असतें, आणि एरवीं दोन माणसांची सोबत असलेलीं घरें मुंबईच्या चाकरमान्यांनीं ओटीपासून परसापर्यंत भरून गेलेलीं असतात. अशा दिवसांत, अशाच एका घरांत, पुढील हकीकत घडली असें श्रोत्यांनीं कल्पावें. घर कल्पित आहे. त्यांतील तारा, पेट्या आणि अडचणी मात्र खऱ्या असून त्या कोणाच्याहि घरीं येऊं शकतात.

या घरचे आजोबा दशावतारी मंडळीबरोबर पखवाज वाजवीत. त्यांना जाऊन कांहीं वर्षें झालीं. भिंतीवर त्यांचें छायाचित्र आहे. परंतु हात चालत आहेत, मान डोलत आहे अशी त्यांची प्रतिमा घरांत एकहि नव्हती. सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका जत्रेंतील दहिकाला कोणीं चित्रफितीवर घेतला होता व त्यांत आजोबा होते, एवढें सर्वांस ठाऊक होतें. ती फीत मुंबईच्या एका गृहस्थांपाशीं होती. चतुर्थीस गांवीं येतांना त्यांनीं ती बरोबर आणली आणि केबल चालविणाऱ्या गृहस्थाच्या हवालीं केली. अट एकच : स्थानिक वाहिनीवर एकदां दाखवावी आणि परतीच्या गाडीपूर्वीं फीत हातीं द्यावी. फीत फिरविणारें जुनें यंत्र सरळ वाहिनीस जोडलेलें. तेथें प्रत काढण्याची सोय नव्हती. केबलवाल्यानें घरीं निरोप दिला, "पाचव्या दिसा नव वाजता लायतंय. पण एकदाच हां!"

आजीनें निरोप ऐकला आणि नातवाकडे पाहिलें. नातू मुंबईस संगणकावरच काम करणारा. "रे झिला, तुझ्या त्या पेटयेत तुझो आजो रवतलो मां?" असें तिनें विचारलें. "रवतलो गे आजी," असें तो बोलून गेला. बोलणें सोपें होतें. केबलची तार ओटीवर होती, संगणक माजघरांत होता, आणि दोहोंमधील अंतर दहा हातांहून अधिक नव्हतें. तें दहा हातांचें अंतर ओलांडावयास त्याला चार दिवस लागले.

तें कां, हें समजण्यासाठीं ही तार कोंकणांत कशी आली तें आधीं पाहिलें पाहिजे. भारतांत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस सुरू झाली. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं निघालें. परंतु मुंबईचें चित्र मालवणास दिसण्याचा संभव नव्हता. दूरचित्रवाणीच्या लहरी नभोवाणीच्या मध्यम लहरींप्रमाणें जमिनीच्या गोलाईस धरून दूरवर जात नाहींत; त्या जवळ जवळ सरळ रेषेंत धांवतात. ३०० मीटर उंचीचा मनोरा घेतला तरी त्याचें क्षितिज सुमारें ७० किलोमीटरांवर संपतें. आणि मालवण तर मुंबईहून सरळ रेषेंतच सव्वातीनशें किलोमीटर दक्षिणेस आहे. ही अडचण उपग्रहानें दूर केली. ३० ऑगस्ट १९८३ रोजीं इन्सॅट-१बी अवकाशांत गेला, आणि १९८४ पासून देशभर लहान शक्तीचीं प्रक्षेपण केंद्रें झपाट्यानें उभीं राहिलीं. पुढें १९९१ सालीं स्टार व २ ऑक्टोबर १९९२ रोजीं झी या वाहिन्या उपग्रहावरून येऊं लागल्या, आणि गांवोगांव एक नवा व्यवसाय जन्मास आला. कोणीं एकानें गच्चीवर मोठी डिश बसवावी, उपग्रहाकडून येणारे कार्यक्रम तींत झेलावेत, आणि विजेच्या खांबांवरून, माडांच्या खोडांवरून तार ओढून ते घरोघर वांटावेत. हाच केबलवाला. १९९५ सालीं त्याच्या धंद्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला.

त्या काळच्या तारेचा स्वभाव मोठा मोकळा होता. एका तारेंत पन्नास-साठ वाहिन्या शेजारीं शेजारीं, प्रत्येकीस सात-आठ मेगाहर्ट्झ जागा देऊन, चालत असत. त्यांना कुलूप नव्हतें. तार ज्या यंत्रास लावावी त्या यंत्रानें हवी ती वाहिनी निवडून घ्यावी; मग तें यंत्र दिवाणखान्यांतील टी.व्ही. असो, व्ही.सी.आर. असो, कीं संगणक असो.

या घरांत २००५ च्या सुमारास संगणक आला, तेव्हां नातवाच्या वडिलांनीं त्यांत टी.व्ही. ट्यूनर कार्ड बसविलें होतें. त्या काळीं मुंबई-पुण्याच्या अनेक घरांत हा उद्योग चाले. वसतिगृहांतील विद्यार्थ्यांस आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांस एकाच पडद्यावर दोन कामें होणें ही मोठी सोय वाटे. कार्डाचें काम असें : तारेंतील हवी ती वाहिनी वेगळी काढणें, तिच्यांतील चित्र व आवाज निराळे करणें, आणि सलग लहरीच्या रूपांत आलेल्या चित्राचे आंकडे करून ते संगणकाच्या स्वाधीन करणें. भारतांत चालणाऱ्या पाल पद्धतींत एक चित्र ६२५ रेषांचें असतें व सेकंदास २५ चित्रें येतात. त्यांपैकीं डोळ्यांस दिसणाऱ्या ५७६ रेषांचे आंकडे जसेच्या तसे सांठवावयाचे म्हटले, तर एका सेकंदास सुमारें दोन कोटि अक्षरांची जागा लागते. एका तासाचें चित्र ७५ गिगाबाइटांच्या घरांत जातें. म्हणून तें दाबून लहान करावें लागतें. नीट दाबल्यास तेंच एका तासाचें चित्र सुमारें दोन गिगाबाइटांत बसतें, व घरच्या डोळ्यांस फरक फारसा जाणवत नाहीं.

त्या कार्डाच्या बाबतींत बहुतेक घरांत त्याच त्या चुका होत. कार्यक्रमाच्या मांडणींत देश व पद्धति विचारलेली असे. तेथें पालऐवजीं अमेरिकेची पद्धति राहिली कीं चित्र काळेंपांढरें होऊन वरखालीं फिरूं लागे. पाल निवडूनहि तिचा पोटभेद चुकला तर चित्र स्वच्छ दिसे, पण आवाजाच्या जागीं खरखर ऐकूं येई; कारण चित्र व आवाज यांमधील अंतर आपल्याकडे साडेपांच मेगाहर्ट्झ, तर दुसऱ्या देशांत सहा किंवा साडेसहा असतें. 'केबल' याऐवजीं 'अँटेना' निवडलें असेल तर निम्म्याच वाहिन्या सांपडत. आणि सर्व कांहीं बरोबर होऊनहि चित्र मुकेंच राहिलें, तर कार्डापासून संगणकाच्या आवाजाच्या भागापर्यंत जाणारी वीतभर तार जोडावयाची राहिली आहे असें समजावें.

नातवानें प्रथम हाच जुना संगणक खालीं काढला. धूळ झाडली, तार लावली, कार्यक्रम सुरू केला आणि वाहिन्यांचा शोध लावला. संगणक पहिल्यापासून शेवटपर्यंत शोधीत गेला आणि पडद्यावर सर्वत्र मुंग्याच आल्या. तारेंत बिघाड म्हणावा, तर तीच तार ओटीवरच्या पेटीस लावतांच टी.व्ही. सुरळीत चाले.

बिघाड तारेंत नव्हता, काळांत होता. २०११ च्या अखेरीस केबलच्या कायद्यांत दुरुस्ती झाली आणि सर्व वाहिन्या अंकीय रूपांत व कुलूपबंद करूनच पाठवाव्या असें ठरलें. हा बदल चार टप्प्यांनीं झाला. पहिल्या टप्प्यांत मुंबईसह चार महानगरें होतीं व त्यांची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ही होती. तिसऱ्या टप्प्यांत उरलेलीं शहरें आणि चौथ्यांत बाकीचा सारा देश आला. चौथ्या टप्प्याची वाढवून दिलेली मुदत ३१ मार्च २०१७ रोजीं संपली. जुनें कार्ड ज्या सलग लहरी शोधीत होतें त्या तारेंत आतां उरल्याच नव्हत्या.

या बदलाचे लाभ नाकारतां येणार नाहींत. पूर्वीं एका वाहिनीस लागणाऱ्या आठ मेगाहर्ट्झांच्या जागेंतून आतां सेकंदास सुमारें ३८ मेगाबिट एवढा मजकूर जातो, आणि तेवढ्यांत दहाहून अधिक वाहिन्या बसतात. चित्रांत सावल्या पडत नाहींत. कोणत्या घरांत कोणती वाहिनी जाते याचा हिशेब राहतो. परंतु या लाभांबरोबर घरांतील एक जुनी सत्ता गेली, आणि ती गेल्याचें कोणाच्या फारसें ध्यानांत आलें नाहीं. पूर्वीं तार घरांत आली म्हणजे चित्र घरांत आलें. आतां तार घरांत येते ती बंद पेटाऱ्यासारखी. त्याची किल्ली सेट टॉप बॉक्समध्यें असते, आणि ती कोणास केव्हां लागेल हें केबलवाल्याच्या मागें असलेली मोठी संस्था दुरून ठरविते. अंकीय लहरी घेणारें नवें कार्ड संगणकांत बसविलें तरी तें पेटारा उचलून आणील, उघडणार नाहीं.

कुलूप कोठें आहे तें नातवास समजलें. मग त्यानें ठरविलें कीं, उघडण्याचें काम पेटीसच करूं द्यावें आणि उघडलेलें चित्र पेटीच्या मागून घ्यावें. पेटीमागें एच.डी.एम.आय. नांवाचें चपटें भोंक होतें, तसेंच भोंक त्याच्या मांडीवरच्या संगणकासहि होतें. त्यानें दोहोंमध्यें तार जोडली. कांहींच झालें नाहीं.

ही चूक शिकलेल्या माणसांच्या हातून सर्वांत अधिक होते, म्हणून ती नीट समजून घ्यावी. दोन भोंकें सारखीं दिसलीं म्हणून त्यांचीं कामें सारखीं नसतात. बहुतेक संगणकांचें हें द्वार बाहेर जाण्याचें आहे, आंत येण्याचें नाहीं. त्यांतून संगणकाचें चित्र टी.व्ही.वर नेतां येतें, टी.व्ही.चें चित्र संगणकांत आणतां येत नाहीं. दोन नळ तोंडास तोंड लावून ठेवले तर पाणी कोणत्याच घागरींत पडावयाचें नाहीं, तशांतला हा प्रकार आहे.

आंत येण्याच्या द्वारासाठीं निराळें उपकरण लागतें. बाजारांत त्याला कॅप्चर कार्ड म्हणतात. आगपेटीएवढें असून तें संगणकाच्या यू.एस.बी.त बसतें. नातवानें तें शेजारच्या आळींतील एका छायाचित्रकाराकडून मागून आणलें. त्यांतून संगणकाच्या पडद्यावर काळा चौकोन आला, आणि काळाच राहिला. कारण एच.डी.एम.आय.च्या वाटेवर दुसरें कुलूप असतें. पेटी पलीकडच्या यंत्रास आधीं ओळख विचारते. तें यंत्र केवळ दाखविणारें आहे अशी खूण पटली तरच चित्र सोडते. टी.व्ही. ही खूण देतो. चित्र उतरवून घेणारें उपकरण देत नाहीं. हें कुलूप फोडण्याच्या युक्त्या सांगणारे लोक आहेत. परंतु त्या वाटेस सभ्य घरानें जाऊं नये. स्वतःच्या खाजगी उपयोगापुरती कृतीची प्रत घेण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानें कांहीं मोकळीक दिली आहे. परंतु २०१२ सालीं त्याच कायद्यांत ६५-अ हें कलम आलें, आणि हक्कांचा भंग करण्याच्या हेतूनें असें संरक्षण मोडणें हा कैदेस पात्र असा गुन्हा ठरला.

उरली तिसरी वाट, आणि ती सर्वांत जुनी. पेटीच्या मागें पिवळ्या, तांबड्या व पांढऱ्या तारांसाठीं ए.व्ही.ची जागा होती. जुन्या टी.व्ही. संचांसाठीं ठेवलेली ही वाट पेटीनें स्वतःच उघडी ठेवलेली असते. तेथें कुलूप फोडावें लागत नाहीं. पिवळ्या तारेंतून चित्र येतें, तांबड्या व पांढऱ्या तारांतून उजवा व डावा आवाज. चित्र जुन्या ५७६ रेषांचेंच मिळतें. पण वीस वर्षांपूर्वींच्या फितीस त्याहून अधिक तपशील मुळांतच नसल्यामुळें येथें कांहींच गमवावें लागणार नव्हतें. पिवळी तार घेणारें साधें कॅप्चर उपकरण एच.डी.एम.आय.च्या उपकरणाहून निराळें असतें. कणकवलीच्या बाजारांत तें चौथ्या दिवशीं दुपारीं मिळालें.

तेथेंहि दोन ठेंचा लागल्याच. पेटीवर तीन निरनिराळीं भोंकें नसून एकच बारीक गोल भोंक होतें, व त्यांत जाणाऱ्या पिनेवर चार कडीं होतीं. या कड्यांचा क्रम सर्व पेट्यांत एकच नसतो. दुसऱ्या कोणत्या यंत्राची तार त्यांत घातली तर आवाजाच्या वाटेनें चित्र जाऊं पाहतें आणि पडदा कोरा राहून कानीं गुरगुर पडते. पेटीबरोबर आलेली तार माळ्यावर सांपडली तेव्हां हें कोडें सुटलें. मग चित्र आलें, तें काळेंपांढरें व फिरणारें. वडिलांच्या वेळची तीच जुनी चूक. पाल निवडतांच रंग भरले आणि चित्र स्थिर झालें.

ज्यांना राखून ठेवावयाचें नाहीं, केवळ संगणकाच्या पडद्यावर टी.व्ही. पाहावयाचा आहे, त्यांच्यासाठीं याहून सोपा मार्ग आहे. संगणकाचा पडदा वेगळा असेल आणि त्यास एच.डी.एम.आय.चें भोंक असेल, तर पेटीची तार संगणकास न लावतां पडद्यासच लावावी. त्या बाजूचें द्वार आंत येण्याचेंच असतें. आवाजासाठीं मात्र निराळा कर्णा लागेल, कारण पुष्कळ पडदे मुके असतात.

कुलूप सर्वत्रच असतें असेंहि नाहीं. १६ डिसेंबर २००४ रोजीं प्रसारभारतीनें उपग्रहावरून विनावर्गणी वाहिन्या देण्याची जी योजना सुरू केली व जी पुढें डीडी फ्री डिश या नांवानें प्रसिद्ध झाली, तिच्यांतील वाहिन्या आरंभीं कुलुपावांचून दिल्या गेल्या. अशी उघडी लहर घेणारें उपग्रहाचें कार्ड संगणकांत असलें तर मधल्या पेटीची गरज राहत नाहीं. त्या योजनेचा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेस, सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. मालवणच्या अंगणांतून पाहिल्यास तो आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारें ६० अंश वर येतो. तेव्हां घराच्या आग्नेयेस माड असला तर त्याच्या झावळ्यांनीं लहर अडते, आणि श्रावणांतील जोराच्या सरींत चित्र कांहीं क्षण गोठतें. कोंकणांत डिश बसवितांना माडांचा असा विचार करावाच लागतो. परंतु गांवच्या केबलवाल्याची स्वतःची वाहिनी उपग्रहावर नसते. ती त्याच्या तारेंतच मिळते. म्हणून या घरास ती वाट उपयोगाची नव्हती.

पांचव्या दिवशीं सकाळीं नातवानें घरांतील तारेकडे लक्ष दिलें. समुद्राकांठीं हवेंत मीठ असतें. तारेच्या टोंकावरील पिना त्यानें गंजतात, आंतील कांडीवर हिरवट थर चढतो, आणि मग अंकीय चित्र मध्येंच तुकडे तुकडे होऊन थांबतें. जुनें चित्र बिघडत बिघडत क्षीण होई. नवें चित्र असतें तोंवर उत्तम असतें, आणि जातें तें एकदम. त्यानें टोंकें कापून नवीं बसविलीं. ओटीवर एक स्प्लिटर विनाकारण राहिला होता तो काढून टाकला. कारण तारेस दोन फांटे फुटले कीं प्रत्येक फांट्यास निम्म्याहूनहि कमी शक्ति मिळते. संगणकाच्या पेट्यास हात लावतां बारीक झिणझिणी येई, म्हणजे घरांतील तिसऱ्या पिनेस जमीन मिळत नव्हती. तेंहि वायरमनकडून त्यानें नीट करून घेतलें. अशा घरांत केबलची तार व संगणक जोडले तर चित्रावर आडवे पट्टे सरकतात, आणि विजेच्या कडकडाटांत यंत्रासच नव्हे, माणसासहि धोका असतो. ढग गडगडूं लागले कीं तार उपटून ठेवावी ही कोंकणांतील वडीलधाऱ्यांची शिकवण शास्त्रासहि धरून आहे.

विजेचा भरंवसा नव्हताच. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर या किनाऱ्यावरील कित्येक गांवें दिवसेंदिवस अंधारांत राहिलीं, ती आठवण सर्वांस ताजी होती. मांडीवरच्या संगणकास बॅटरी असते. पण पेटीस नसते. म्हणून शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर घेऊन पेटी त्यावर लावली. तारेच्या दुसऱ्या टोंकास केबलवाल्याकडे काय होईल तें गणपतीवर सोडलें.

दुपारीं त्यानें रंगीत तालीम केली. एका मालिकेचा अर्धा तास उतरवून पाहिला, आणि ती तालीम केली म्हणून दोन अरिष्टें टळलीं. पहिलें असें, कीं वीस मिनिटें कोणी हात न लावल्यानें संगणक झोपी गेला व उतरणें थांबलें. त्याची झोंप बंद करावी लागली. दुसरें अधिक गुप्त होतें. चित्र सांठविण्यासाठीं त्यानें जो पेन ड्राइव्ह लावला होता त्याची मांडणी जुन्या पद्धतीची होती, आणि त्या पद्धतींत चार गिगाबाइटांपेक्षां मोठी एक फाइल राहूं शकत नाहीं. तासास दोन गिगाबाइट या हिशेबानें रात्रीं अकरा वाजतां उतरणें आपोआप थांबलें असतें. आणि आख्यान रंगावयास तर त्याच सुमारास लागतें. त्यानें जागा बदलली व चित्र संगणकाच्या स्वतःच्या तबकडीवर घेण्याचें ठरविलें.

एक गोष्ट त्यानें याहिपूर्वीं केली होती, आणि ती तारेहून महत्त्वाची होती. फितीच्या मालकांकडे व मंडळीच्या चालकांकडे जाऊन, घरापुरती प्रत घेऊं कां, असें त्यानें विचारलें. दोघांनींहि आनंदानें होकार दिला. चालक म्हणाले, आमच्यापाशींहि प्रत नाहीं. आम्हांस एक द्या.

रात्रीं नऊ वाजतां ओटी भरली. पावसाची एक सर येऊन गेली होती. वाहिनीवर प्रथम सोनाराच्या दुकानाची जाहिरात आली, मग पडदा निळा झाला, मग फितीचे जुने ओरखडे दिसले, आणि पेटी, पखवाज व झांज यांचा आवाज उठला. आड दशावतार सुरू झाला. गणपति आला, रिद्धिसिद्धी आल्या, सरस्वती आली. संकासुरास पाहून पोरें हंसलीं. माजघरांत संगणकावर तेंच चित्र क्षणभर मागाहून चालत होतें, आणि कोपऱ्यांतला तांबडा ठिपका पेटलेला होता. आजोबा लगेच दिसले नाहींत. चित्र घेणाऱ्याचें लक्ष नटांवर होतें. दहा वाजून गेल्यावर, एका युद्धाच्या प्रसंगीं, त्यानें यंत्र सहज उजवीकडे वळविलें आणि बांकड्यावर बसलेले आजोबा संपूर्ण दिसले. हात दिसले, मान दिसली. तें सारें अर्ध्या मिनिटाहून अधिक नव्हतें. पुढें आणखी दोनदां ते ओझरते आले. बाकी सारा वेळ ते दिसत नव्हते, पण ऐकूं येत होते. तीन तास ओटीवर त्यांचाच हात वाजत होता. साडेअकरा वाजतां वीज गेली आणि दिव्यांसह ओटीवरचा टी.व्ही. बंद पडला. पेटी इन्व्हर्टरवर होती, संगणक बॅटरीवर होता, आणि केबलवाल्यानेंहि जनरेटर लावला असावा; कारण माजघरांतील ठिपका विझला नाहीं. सारें घर उठून माजघरांत आलें आणि उरलेला दहिकाला लहानशा पडद्याभोंवतीं दाटीनें बसून पाहिला गेला.

दुसऱ्या दिवशीं नातवानें त्या फाइलीच्या तीन प्रती केल्या. एक घरच्या संगणकावर राहिली, दुसरी निराळ्या तबकडीवर मुंबईस गेली, तिसरी मंडळीच्या चालकांस मिळाली. एकच प्रत असणें म्हणजे प्रत नसण्यासारखेंच आहे. फितीस बुरशी येते, चकत्यांवरचा थर खाऱ्या हवेंत उडतो, आणि संगणकाची तबकडी न सांगतां एखाद्या सकाळीं बंद पडते. म्हणून प्रती दोन ठिकाणीं असाव्यात, आणि दर कांहीं वर्षांनीं त्या उघडून, नव्या साधनावर उतरवून घ्याव्यात. आणि शक्य असेल तेथें चित्र मुळाच्या जितक्या जवळून घेतां येईल तितक्या जवळून घ्यावें. फीत आपल्या हातीं येत असेल तर ती केबलच्या तारेंतून फिरवून आणण्याचें कारण नाहीं. तीच पिवळी तार फीत फिरविणाऱ्या यंत्रास लावली कीं काम होतें.

तारा, पिना आणि पद्धति दहा वर्षांत बदलतील व यांतील पुष्कळसें जुनें होईल. परंतु पाहणें आणि राखणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें बदलणार नाहीं. पाहण्याची सोय करणारे पुष्कळ आहेत. ते नवी पेटी देतील, नवी वाहिनी देतील, महिन्याचे पैसे घेतील. त्यांत गैर कांहीं नाहीं. राखण्याचें काम मात्र ज्याचें त्यानेंच करावें लागतें. गांवचा दहिकाला, आळींतील एखादें लग्न, कोणा वृद्धाच्या हातचा ठेका यांची प्रत कोणत्याहि मोठ्या संस्थेच्या तबकडीवर नसते. ती कोठें तरी एका फितीवर असते, आणि ती फीत परतीच्या गाडीनें जाणार असते. घरांतील संगणकास हें काम करतां येतें. कुलूप कोठें आहे, वाट कोठें उघडी आहे, आणि परवानगी कोणाची घ्यावयाची, एवढें घरांतील एका माणसास ठाऊक असलें म्हणजे पुरें.

विसर्जनानंतर घर रिकामें झालें. मुंबईची माणसें मुंबईस गेलीं. आजीस संगणक चालवितां येत नाहीं. पण नातवानें पडद्यावर एकच चित्र ठेवलें आहे आणि त्यावर दोनदां बोट मारावयास तिला शिकविलें आहे. संध्याकाळीं दिवा लावून झाला म्हणजे ती माजघरांत येते आणि तेवढें करते. चित्राकडे ती फारसें पाहत नाहीं. पखवाज लागला कीं ती उठून आपल्या कामास जाते, आणि तो सबंध घरांत वाजत राहतो.